एकेचाळीस नंबरचा बिल्ला

रेल्वे कामगारांची नवी युनियन निघाली, तिचे पितळी बिल्ले माझ्याकडे आले. कर्जतच्या बाजारात तांबट मी एकटाच. माझा धाकटा भाऊ नामा घाटात रूळ सांभाळणाऱ्या गँगवर होता. त्याचा एकेचाळीस नंबर मी सकाळीच ठोकून ठेवला.

दुपारी ठाकुरवाडीची जना आली. कंद खणताना सापडलेली एक हिरवी पडलेली चकती तिने पुढ्यात ठेवली.

"आबा, ह्ये कसलं हाय?"

"चिंचेनं घास, मंग सांगतो."

ती घासत बसली. आधी ४ दिसला. त्याची खालची गाठ अर्धीच उठली होती. माझ्या चारच्या ठशाची तीच गाठ परवाच तडकली होती. पुढचा १ हिरव्या थरातून नुसता डोकावत होता.

"कुठं गावलं?"

"घाटात, दरडीखाली. मानसाची हाडं व्हती तितं. लई जुनी."

युनियन निघून महिनाही झाला नव्हता.

तेवढ्यात नामा दारात आला. "दादा, माझा बिल्ला दे. गाडी सुटंल."

मी त्याच्या बिल्ल्यातल्या १ वर ७ चा ठसा धरला आणि सगळा जोर लावून हातोडा घातला.

"आजपासून तू सत्तेचाळीस."

तो हसला, बिल्ला छातीला लावून स्टेशनाकडे पळाला. गाडीची शिट्टी ऐकून मला जरा हलकं वाटलं.

जना अजून घासतच होती.

"आबा, ह्यो दुसरा आकडा नीट नाय. येकावर येक असं दोन आकडं मारल्यात. वरचा लई जोरात बसलाय."