एकच हाक

मार्सेल हे नाव मुलीला ठेवलं, तर फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटी दोन अक्षरं वाढतात. म्हणताना ती ऐकू येत नाहीत. मुलाला मारलेली हाक आणि मुलीला मारलेली हाक अगदी एकसारखी असते.

सोलांजची अडचण नेमकी हीच होती. तिचा मुलगा मार्सेल ऑक्टोबरात मासेमारीच्या बोटीवर गेला, तो परतलाच नाही. बोटीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. आता मार्चमध्ये त्याची मुलगी जन्मली होती आणि सुनेला, ओदीलला, तिच्यासाठी तेच नाव हवं होतं. नगरपालिकेत नाव नोंदवायची मुदत आज संपत होती.

"कॅलेंडरात रोजचा एक संत छापलेला असतो. त्यातलं बघ की एखादं," सोलांज म्हणाली.

"बघितलं. आज संत क्युनेगोंद आहे. ठेवू?"

"शाळेतली पोरं जगू द्यायची नाहीत तिला."

"मग मार्सेलच ठेवू या ना, आई."

"नको म्हटलं ना. घरात एका हाकेला दोघं ओ देतील."

ओदीलने झोपलेली मुलगी अलगद सासूच्या मांडीवर ठेवली.

"दुसरं कोण, आई?" तिने हळूच विचारलं.

सोलांज दाराकडे बघत राहिली. मुलीने झोपेतच तिचं बोट घट्ट धरलं होतं. ते तिने सोडवून घेतलं नाही.

"ठेव मार्सेल," ती शेवटी म्हणाली. "ओ द्यायला आता हीच आहे."