तिसरी गाठ

टेम्पोत दोन हापसे आडवे पडलेले. एक बारका, हिरवा रंग दिलेला. दुसरा मोठा, त्याच्यासंगं पायपाची आन् सळयांची मोळी. आडाच्या तोंडावर बसवायची सिमेंटची झाकणी बाजूला वाळून तयार. भर दुपार. निंबाचं पान हालत न्हवतं.

"आधी पाणी किती खाली हाय ते बघा," गेवराईहून आलेला मिस्त्री भागवत म्हणला. "तीन परसाच्या आत आसलं तर बारका वढून घेतो. त्याच्या खाली गेलं की नुसती हवा खात बसतो. मग मोठाच बसवावा लागन."

"मोठा आपल्याला झेपत न्हाई, मिस्त्री," सुग्रीव म्हणला.

"म्हायती हाय. म्हणून तर बघ म्हणतो."

सुग्रीवनं बापाचा दोर आणला. परस म्हंजी मानसाची उंची. तात्याबानं ह्या दोराला सोताच्याच उंचीनं गाठी मारलेल्या, टाचंपासून टाळूपर्यंत धरून. एक गाठ म्हंजी एक तात्याबा उभा. गेल्या उन्हाळ्यात ह्याच दोरानं आड मापता मापता म्हातारा आत गेला. बारक्या हापशावर भागतं, मोठ्याला पैसा घालायची गरज न्हाई, एवढंच त्याला दाखवायचं होतं. लई चिकट मानूस.

सुग्रीवनं दोराला दगड बांधून खाली सोडला, वर काढला. वरच्या चार गाठी कोरड्या. पाचवी वली.

भागवतनं मान हालवली. "गेलं काम."

सुग्रीवची बायको स्वप्ना बादली घेऊन उभी होती. पोट पुढं आलेलं. आडाचा कठडा एका अंगानं ढासळला होता, तिथंच वाकून पाणी शेंदावं लागायचं. काल तिचा पाय सरकला. बादली आत गेली, ती कशीबशी ऱ्हायली.

"मग आसंच वाकत ऱ्हाऊ का?" ती नवऱ्याला म्हणली. "आता मी एकटी वाकत न्हाई. दोघं वाकतोय."

सुग्रीवनं तिच्याकडं बघितलं न्हाई. "पावसाळा झाल्यावर बघू."

निंबाखाली बसलेली त्याची आई, केसरबाई, उठली. "हेच," ती म्हणली. "हेच म्हणायचा ह्याचा बाप."

ती आडापाशी आली. दोन्ही हात कठड्यावर टेकले आन् खाली तोंड करून वरडली, "ऐकलं का ओ! जिते होता तवा घेऊ दिला न्हाई. ह्यो महाग, त्यो महाग. आता सून पोटुशी हाय. मोठा घ्यायची ऐपत न्हाई, बारक्याला पाणी लागत न्हाई. काय करावं लेकरांनी?"

"आई, काय लावलंय हे? मिस्त्री बघायलाय."

"तू गप ऱ्हा. मी त्यांच्यासंगं बोलायले."

केसरबाईनं लगनात उखाण्यात घेतलं तेवढंच नवऱ्याचं नाव. त्याच्यावर उभ्या जल्मात तोंडातून काढलं न्हवतं. ती आणखी वाकली, तोंडाभवती हात धरले आन् हाक मारली.

"तात्याबा!"

ह्या आडात नुसतं खाकरलं तरी आवाज फिरून वर येतो. ही हाक खाली गेली ती गेलीच.

टेम्पोच्या टपावरचा कावळा उडाला.

"टाक दोर," केसरबाई म्हणली.

सुग्रीवनं टाकला. वर काढला. तीन गाठी कोरड्या. चौथी वली.

"तिरपा गेला आसन," भागवत म्हणला. "आण इकडं बे." त्यानं सोता दोर धरला, आडाच्या मधोमध सरळ सोडला, दगड पाण्याला लागल्याचा आवाज ऐकला, उरलेला दोर बी सोडला आन् वढून घेतला. दोन गाठी कोरड्या. तिसरी टपटप गळत होती.

भागवतनं दोर हातातून टाकून दिला. "पाऊस न्हाई, पाणी न्हाई. वर कावून यायलंय हे?"

खालून आवाज येत होता. दगडांच्या फटीत बोटं घालीत, पाय रोवीत कुणी चढावं तसा. मधी थांबायचा, दम खायचा, पुन्हा चालू.

स्वप्ना दोन्ही हात पोटावर धरून मागं सरली. "आत्याबाई, त्यांना थांबवा."

"बास!" केसरबाई आडात म्हणली. "बास झालं. तिथंच थांबा." मग मागं वळून, "एक काम सांगावं तर ह्यांना थांबायचं कळत न्हाई."

आवाज थांबला.

पहारी लावून झाकणी सरकवली. तिच्यातल्या भोकातून पायप उतरवला. बारका हापसा बसला. भागवतनं च्या बी घेतला न्हाई. टेम्पोत बसल्यावर, आडाकडं न बघता, तेवढं सांगितलं, "दर येळी आधी वरून एक तांब्या पाणी वतायचं. कोरडा हापसा पाणी उचलत न्हाई." टेम्पो गेला.

स्वप्ना पहिल्यांदा आडापाशी ताठ उभी ऱ्हायली.

सुग्रीवनं दांडा धरला. केसरबाईनं घागरीतून तांब्या भरला, डोईवरचा पदर सारखा केला आन् जेवायला बसलेल्या मानसाला वाढावं तसं हळू पाणी वतलं. पाणी पायपात उतरलं. घट. घट. घट. मग थांबलं. आन् झाकणीच्या आत कुणीतरी खाकरलं.

सुग्रीवचा हात दांड्यावरून सुटला.

केसरबाईनं तांब्यात वाकून बघितलं. रिकामा. तो तिनं सुनेपुढं धरला.

"आणखी भर, बाई. ह्यांचं एका तांब्यावर कधी भागलंय?"