बुजवलेले पाइप

पहारीचा पहिला घाव बसला तसा धाकटा दीर बनियनवरच मागल्या दारानं बाहेर आला. बघतो तर वहिनी भर पावसात पदर खोचून त्याची भिंत फोडायला लागलेली. टेकडी घरावर येऊ नये म्हणून बांधलेली भिंत, पुरुषभर उंच, आणि हिच्या हातात पहार.

"वहिनी, ही माझी हद्द आहे."

"मला काय सांगताय भाऊजी, टेकडीला सांगा," थोरली म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

दोन घरं शेजारी, मधे एक कुंपण, आणि कुंपणावरून बोलणं म्हणाल तर फक्त टोमणे. जागेची वाटणी झाली तेव्हा थोरलीच्या वाट्याला काळा कातळ आला. पाया खणायला सुरुंग लावावे लागले. धाकट्याकडं फावडं नुसतं टेकवलं की आत जायचं. तो कुंपणाला रेलून विचारायचा, वहिनी, दगड फोडताय की खाताय? त्याच्याकडचाही एके काळी कातळच होता, पण ऊन-पाणी खाऊन खाऊन कुजलेला, मुठीत धरला तर चुरा व्हायचा. असला खडक पाणी पितो आणि फुगतो. खालचा घट्ट कातळ ते पाणी पुढं जाऊ देत नाही. म्हणून तर भिंत बांधताना तळाशी पाइप सोडले होते, मागचं पाणी निघून जायला. हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

पण पाइपांतून लाल पाणी यायचं, धाकट्या जावेच्या धुण्यावर उडायचं. तिनं नवऱ्याच्या डोक्यात भरवलं की हे पाणी टेकडीचं नव्हेच, थोरलीनं तिच्या अंगणातलं मुद्दाम इकडं वळवलंय. झालं. उन्हाळ्यात त्यानं एकूण एक पाइपाचं तोंड सिमेंटनं बुजवलं आणि वहिनीची खोड मोडली म्हणून गावभर सांगत सुटला.

परवापासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. थोरलीच्या कातळावरून पाणी सरळ गटारात पळत होतं. दिराच्या भिंतीतून मात्र थेंब नाही, आणि आज सकाळी तिनं खिडकीतून पाहिलं तर भिंतीला पोट आलेलं. त्या पोटासमोरच्या खोलीत सासऱ्यांची खाट. त्यांना दोन वर्षं उठता येत नव्हतं. तिनं कुंपणावरून हाका मारल्या, पाइप मोकळे करा म्हणाली, आबांना तरी तिथून हलवा म्हणाली. जावेनं टीव्हीचा आवाज वाढवला. मग तिनं पहार उचलली.

तिसऱ्या घावाला बूच उडालं. मनगटाएवढी लाल धार सुटली ती थेट मागल्या दारात.

"सोडलंत शेवटी माझ्या घरात पाणी," दीर म्हणाला. "मन शांत झालं?"

ती धारेकडं बघत राहिली. पाणी दाट झालं, मग नुसता चिखल आला, चिखलातून खडे आले, आणि धार आपोआप थांबली. या वेळी पाइप कुणी बुजवला नव्हता, मागची माती सरकून तो बुजला होता.

थोरलीनं पहार टाकली. "आबांना उचला."

"असं आहे होय. आबांना तुमच्याकडं न्यायचा डाव आहे तर."

खिडकीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "तुमचं भांडण मिटेपर्यंत मी इथंच मरू का?"

तेव्हा कुठं दीर हलला. खाट तिघांनी उचलली. डोक्याकडची बाजू त्यानं वहिनीला धरू दिली नाही. ती पायाकडं गेली. जाऊ मधे एका हातानं खाट आणि दुसऱ्या हातानं टीव्हीचा रिमोट धरून चालत होती, तो ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. म्हाताऱ्याला थोरलीच्या ओसरीवर आणलं. जाऊ पायरीवरच थांबली. आत या म्हटलं तरी पावसात भिजत उभी राहिली.

दीर माघारी वळला.

"आता कुठं?" थोरली आडवी आली.

"कुलूप लावायला."

"भाऊजी, टेकडी सुटलीय. राहू द्या."

"घर उघडं टाकू? तेही तुमच्या शेजाराला?"

तिनं त्याचा दंड धरला. त्यानं झटकला. गेला, पुढचं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं. किल्ली मुठीत घेऊन, घाई न करता, वहिनीला दिसेल असा चालत आला. कुंपण ओलांडून तो ओसरीशी पोचतो न पोचतो तोच मागं खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला. लांबतच गेला.

पावसामुळं धूळसुद्धा उडाली नाही. लाल चिखल खालच्या रस्त्यापर्यंत पसरला. जिथं खाट होती, स्वयंपाकघर होतं, तिथं टेकडी येऊन बसली होती. घराची पुढची भिंत तेवढी उभी होती, आणि तिच्यात दार. दाराला कुलूप होतं.