सोळावं छप्पर

छपरं वाचायची सवय चित्रलेखाला गुंगालिन या तिच्या उपनगराने लावली होती. थंडीत सकाळी लाइट रेलच्या ट्रॅमने ऑफिसला येताना जे छप्पर गोठलेल्या दवाने पांढरं दिसे ते घर रिकामं, आणि जे ओलं, काळं दिसे त्या घरात हीटर चालू, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं.

ऑफिसात तिचं काम म्हणजे उपग्रहाच्या फोटोंवर शेरे मारायचे. त्या शुक्रवारी दुपारी सोव्हिएत काळात बांधायला घेतलेलं आणि अर्धवटच सोडून दिलेलं एक संशोधन केंद्र समोर आलं. उंच डोंगरात, बाराही महिने बर्फात. पंधरा इमारतींची छपरं पांढरी होती. सोळाव्या इमारतीचं मात्र काळं.

"विश्राम, इथे कोणीतरी राहतंय," ती शेजारी बसणाऱ्या सीनिअरला म्हणाली. "आत शेगडी पेटतेय."

"तीस वर्षं ओसाड पडलंय ते. गेल्या वर्षीचा शेरा कॉपी कर, सगळे तेच करतात. क्लायंटला पाचच्या आत ओसाड जागांची यादी हवीय."

"कशासाठी?"

"ते आपण विचारत नाही, मेट."

तिने घड्याळ पाहिलं, 'निर्जन' असं लिहिलं आणि यादी पाठवून दिली.

सोमवारी त्याच जागेचा ताजा फोटो आला. एकही छप्पर उरलं नव्हतं. बर्फात नुसते काळे खड्डे होते आणि त्यांतून अजून धूर निघत होता.

विश्राम तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "शेरा बदलायचा का?"

"नको," चित्रलेखा म्हणाली. "आता बरोबर आहे."