रोजचा पुरावा

मलकापुरातल्या एका जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर नीळकंठराव यांचा विलायती कुत्रा टायगर गोचीडतापातून वाचला. नागपूरच्या ढोरडॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर रोज गोचिड्या वेचा. पुन्हा चावल्या तर ताप उलटेल."

हे काम शिपाई रहेमतुल्लाकडे आलं. वेचलेल्या गोचिड्या तो काड्यापेटीतून आणायचा आणि टायगरला मांडीवर घेऊन साहेब त्या स्वतः मोजायचे. कालच्याच पुन्हा दाखवू नयेत म्हणून जिवंतच आणायचा हुकूम होता.

पाचव्या दिवशी पेटी रिकामी निघाली.

"काऊन बे, आज पाह्यलंच नाही काय?"

"पाह्यलं साहेब, एकबी नाही. टायगर साफ झाला."

"मले शिकवतं काय? उद्या पेटी रिकामी दिसली, तर परवा कामावर येऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून रहेमतुल्ला आधी बाजारात जाऊन मोकाट कुत्र्यांच्या गोचिड्या वेचू लागला. पेटी भरलेली पाहून साहेब खूश झाले. मोजताना मांडीवर दोन-चार निसटायच्या, तेवढं चालायचंच.



महिनाअखेर बाजारातली झाडून सारी कुत्री स्वच्छ झाली. ताप उलटला तो एकट्या टायगरचा.