यादीत नसलेलं नाव

“यादीत नाव नाही तुझं,” आईनं चपला काढता काढताच सांगितलं.

मुलीला आधी ते खरंच वाटेना. विद्यापीठ घरापासून वीस मिनिटांवर. संख्याशास्त्र शिकायचं ते तिथंच, हे तिनं शाळेत असल्यापासून ठरवलेलं. मार्कही भरपूर होते.

“नीट पाहिलंस ना?”

“दोनदा पाहिलं. खिडकीवर विचारलंसुद्धा.” आई स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्या दोन ग्लास पाणी प्यायली.

यादी बघायला खरं तर मुलीनंच जायचं. पण बाहेर कुणाला काही विचारायचं म्हटलं की ती आईच्या मागं दडायची. बस कुठली ते विचारणं असो की दवाखान्यात नंबर लावणं, तिच्या वतीनं आईच बोलायची. मावशीकडे राहायला गेली तरी दुसऱ्या दिवशी परत. वडील तिला घरकोंबडी म्हणत. ते शिंपी. शिवणयंत्रावरून मान वर न करताच म्हणत, त्यामुळे हे चिडवणं आहे की काळजी, ते कळायला मार्ग नसे.

एक पत्र मात्र आठवडाभर कपाटावर पडून होतं. परराज्यातल्या मोठ्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. शाळेतल्या बाईंनी मागे लागून तो अर्ज भरायला लावला होता, इतकंच. बसनं दीड दिवस, भाषा वेगळी, ओळखीचं चिटपाखरू नाही. तिथं जाणार कोण?

“वर्षभर घरीच थांबते,” रडून झाल्यावर मुलगी म्हणाली. “पुढच्या वर्षी परत इथंच अर्ज करते.”

“थांब की,” आई भाजी निवडत म्हणाली. “एवढ्या शिकलेल्या लोकांना तू लायक वाटली नाहीस, म्हणजे काहीतरी बघूनच ठरवलं असेल त्यांनी.”

शिवणयंत्र थांबलं. “पोरीशी असं बोलतात?” वडील म्हणाले.

“मी आपलं मनात आलं ते बोलले.”

मुलीला ते असं झोंबलं की ती ताडकन उठली आणि कपाटावरचं पत्र काढून घेतलं. “मी तिकडंच जाते.”

“जमणार आहे का तुला?”

“बघच तू!”

वडिलांनी तिच्या नव्या कपड्यांना भलेमोठे खिसे लावून दिले. “बोलताना हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न नको,” म्हणाले. बस सुटेपर्यंत आई एकसारखी डोळे पुसत होती. हिनं एकदा जरी ‘नको जाऊस’ म्हटलं तर उतरायचं, असं मुलीनं मनाशी ठरवलं होतं. बस सुटली तशी आईनं हात हलवून निरोप दिला.

तिकडची तऱ्हा तिला पहिल्यांदा जेवणघरात कळली. वाढणाऱ्या बाईंनी पळी उचलून विचारलं, “आणखी?” रीतीप्रमाणे तिनं हातानंच “नको” म्हटलं. घरी पहिल्या ‘नको’ला कोण विचारतं? दोनतीनदा आग्रह होतोच. इथं बाई सरळ पुढच्या ताटाकडे गेल्या. तीन दिवस ती अर्धपोटी राहिली. ही माणसं एकदाच विचारत आणि तुम्ही म्हणाल ते खरं धरून चालत. साधं बोलणंसुद्धा भांडण चालल्यासारखं. निघायची वेळ झाली की निरोपबिरोप काही नाही, उठायचं आणि चालू पडायचं. सगळे आपल्यावर रागावलेत, असंच तिला वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी तिनं ताट पुढं केलं आणि त्यांच्या भाषेतला एकुलता एक येणारा शब्द उच्चारला, “हवं.” जरा जास्तच मोठ्यानं. अख्खी रांग वळून बघायला लागली. बाईंनी हसून ताट शिगोशीग भरलं. इतकं चविष्ट ती उभ्या आयुष्यात जेवली नव्हती.

मग तिला मागायची चटकच लागली. वर्गात समजलं नाही की हात वर.

“तुझं व्याकरण भयंकर आहे,” खोलीतली जोडीदारीण म्हणाली.

“मग तूच सुधार.” जोडीदारणीनं खरंच सुधारलं.

दुसऱ्या वर्षी वाचनालय सुट्टीच्या दिवशी उघडं राहावं म्हणून ती विभागप्रमुखांशी त्यांच्याच भाषेत अर्धा तास भांडली. वाचनालय उघडलं. फोनवर वडील म्हणायला लागले, “अगं, हळू बोल. मी बहिरा झालेलो नाही अजून.”

सगळं खरं, पण मनातला काटा काही निघाला नव्हता. त्या यादीवाल्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं. सहा वर्षांनी पदव्युत्तर परीक्षेत ती अख्ख्या विद्यापीठात पहिली आली आणि त्याच महिन्यात घराजवळच्या विद्यापीठानं सहायक प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात दिली. मुलाखतीच्या शेवटी “काही विचारायचंय?” असं कुणीतरी सहज म्हणालं. तिनं पाच प्रश्न विचारले. समितीला घाम फुटला आणि तिची निवड झाली.

नेमणुकीचं पत्र हातात घेऊन ती तडक प्रवेशाच्या खिडकीवर गेली. काय आनंद झाला होता तिला! सहा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तिनं खणखणीत आवाजात म्हटलं, “तुम्ही मला प्रवेश नाकारला होता. कशासाठी, ते मला बघायचंय.”

म्हातारे कारकून चष्मा सारखा करत आत गेले आणि बऱ्याच वेळानं धूळ झटकत एक फाईल घेऊन आले.

“नाकारलं कुठं, बाई? तुमचं नाव पहिलं होतं यादीत.”

“शक्य नाही.”

“जागा तुम्हीच सोडलीत. यादी लागली त्याच दिवशी तुमच्या आई येऊन लिहून देऊन गेल्या.”

त्यांनी एक कागद काचेखालून पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं:

‘माझ्या मुलीची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. ती शिकायला परराज्यात जाणार आहे. तिला हे अजून माहीत नाही.’