दोन हजार सालानंतरची अक्षरं

मांडवगणात कुणी वारलं की एसटी स्टँडवरच्या काळ्या फळ्यावर त्याचं नाव तुळशीराम पेंटरच रंगवायचा. आज त्याच्याच लेकीचं नाव होतं. काल कॉलेजातून येताना धनश्री उसाच्या ट्रॉलीखाली गेली. त्यानं तिची वही उघडली. कंपासपेटी घेऊन ती त्या वहीत ‘अ’पासून नवी अक्षरं घडवत होती, तारेसारखी बारीक, नुसत्या रेघा आणि वर्तुळं. ‘आण्णा, ही दोन हजार सालानंतरची अक्षरं, अजून यायचीत,’ ती म्हणायची. ‘एसटीतनं दिसायची न्हाईत,’ म्हणत तो हसायचा. आज त्यानं वहीत बघून ‘धन’ काढलं. मग पानं उलटली. ‘म’नंतर वही कोरी होती. ‘श्री’साठी त्यानं तीनदा रेघ ओढली, तीनदा पुसली. शेवटी आपल्या जाड ब्रशानं नेहमीसारखा ‘श्री’ रंगवला. मागून सरपंचांनी हळूच विचारलं, ‘पेंटर, नाव अर्धं बारीक, अर्धं जाड का?’ ‘पोरगी एवढंच शिकवून गेली, आप्पा.’